फॉस्फेटचा बिल्ला

मी शाळकरी होतो तेव्हा आमच्या घराच्या दाराशेजारी, भिंतीच्या आतल्या अंगाला, गेरूने लिहिलेल्या तारखा असत. ही १९८० नंतरच्या दशकातली गोष्ट. हिवतापाचा कर्मचारी ठरल्या फेरीने यायचा, घरात कुणाला थंडीताप आहे का म्हणून विचारायचा, असला तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, हातावर क्लोरोक्विनच्या कडूजहर गोळ्या ठेवायचा आणि भिंतीवर तारीख घालून पुढच्या घरी जायचा. त्या थेंबात काय दिसते ते त्याने आम्हांला कधी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

त्या थेंबात असलाच तर हिवतापाचा जंतू असे. या जंतूच्या पोटात एक बारीकशी व्यवस्था चाललेली असते. नवलाची गोष्ट अशी की तीच व्यवस्था, थोड्याफार फरकाने, तुमच्या-माझ्या पेशीत आहे, केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटात आहे, तंबाखूच्या पानात आहे आणि पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्येही आहे. ती माणसाला कशी उमगली, त्याची हकीकत मला आज सांगायची आहे. मी इतिहास शिकविणारा माणूस. प्रयोगशाळेची पायरी चढलो ती प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यामागोमाग, आणि तेही चहाच्या निमित्ताने. पण इतिहास काही केवळ लढायांचाच असतो असे नाही.

आधी थोडी पूर्वपीठिका हवी. तालुक्याच्या कचेरीत मूळ दप्तर असते. ते कुणी घरी नेऊ शकत नाही. आपल्याला मिळते ती नक्कल. पेशीतही असेच आहे. जनुकांचे मूळ दप्तर, म्हणजे डीएनए, केंद्रकाच्या कोठडीत राहते. त्याची आरएनए नावाची नक्कल तयार होते, ती बाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिने बनतात. १९४१ साली बीडल आणि टेटम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ब्रेडवर येणाऱ्या एका बुरशीवर प्रयोग करून एक जनुक, एक एन्झाइम असा हिशेब मांडला. पुढे तो एक जनुक, एक प्रथिन असा झाला. माझ्या पिढीतल्या अनेकांनी परीक्षेत हेच वाक्य लिहून गुण मिळविले आहेत.

१९७७ साली या हिशेबाला तडा गेला. सर्दीपडसे आणणाऱ्या ॲडेनोव्हायरसवर दोन ठिकाणी काम चालू होते. एमआयटी या संस्थेत फिलिप शार्प यांच्याकडे सुझन बर्गेट आणि क्लेअर मूर होत्या, आणि कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे रिचर्ड रॉबर्ट्स, लुईझ चाऊ, रिचर्ड गेलिनास व थॉमस ब्रोकर होते. नक्कल मूळ कागदाशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा दोन्ही धागे सरळ जुळेनात. डीएनएचा धागा जागोजाग फुगून बाहेर लोंबत होता, कारण तेवढा मजकूर नकलेत नव्हताच! म्हणजे आधी सगळ्या मजकुराची नक्कल होते, मग तिच्यातले मधले तुकडे कापून टाकतात आणि उरलेली टोके एकमेकांना सांधतात. या सांधणीला स्प्लायसिंग म्हणतात. शार्प आणि रॉबर्ट्स यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या लुईझ चाऊ यांच्या हातून सूक्ष्मदर्शकाखालची ती चित्रे निघाली त्यांचे नाव त्यात नव्हते. मला तरी हा न्याय पुरा वाटत नाही.

आता गंमत पाहा. कोणता तुकडा टाकायचा आणि कोणता ठेवायचा, हे सर्व वेळी सारखे नसते. एकाच नकलेतून एके ठिकाणी चौथा परिच्छेद वगळला, दुसरीकडे तो ठेवून सहावा वगळला, तर दोन निरनिराळी प्रथिने होतील. माणसाच्या सुमारे वीस हजार प्रथिन-जनुकांत, ज्यांचे असे तुकडे पडतात, त्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक जनुकांत अशी फिरवाफिरव चालते, हे २००८ साली दिसून आले. मग प्रश्न येतो, हे ठरवतो कोण? कात्री चालविणारे कारागीर आहेत, हे कळले होते. पण कारागिरांना कामाला लावतो कोण?

याचे उत्तर भलत्याच दिशेने आले. तिकडे वळण्यासाठी आपल्याला थोडे मागे, दूध आणि अंडी यांच्याकडे जावे लागेल. दुधातल्या केसीन या प्रथिनात आणि अंड्याच्या बलकातल्या प्रथिनात फॉस्फरस असतो, हे रसायनशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. १९३२ साली फीबस लेव्हीन आणि फ्रिट्झ लिपमान यांनी बलकातला हा फॉस्फरस नेमका कुठे बसलेला आहे ते दाखविले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि तिच्यातल्या सेरीन नावाच्या मण्याला फॉस्फेट चिकटलेले होते. पण ही वासराच्या आणि पिल्लाच्या पोषणाची शिदोरी असावी, एवढाच बोध त्या काळी घेतला गेला. १९५४ साली बर्नेट आणि केनेडी यांनी उंदराच्या यकृतातून असे एन्झाइम दाखविले की जे प्रथिनाला फॉस्फेट लावते. फॉस्फेट लावणाऱ्या अशा एन्झाइमला कायनेज म्हणतात. त्यांच्या शोधाकडे फारसे कुणी पाहिले नाही, कारण ते लावून होते काय, हे कुणाला माहीत नव्हते.

ते माहीत झाले गाळणकागदामुळे. ही हकीकत विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. सिॲटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज हे दोघे सशाच्या स्नायूतले एक एन्झाइम वेगळे करीत होते. स्नायूत साठविलेली साखर मोकळी करणे हे त्याचे काम. त्याची दोन रूपे, एक जागे आणि एक निजलेले, कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने आधीच दाखविली होती. कोरींच्या कृतीने काढले म्हणजे जागे रूप मिळे. या दोघांनी कृती तीच ठेवली, फक्त गाळण्याऐवजी रस यंत्रात गरगर फिरवून साफ केला. आणि मिळाले सगळे निजलेले! पुन्हा कागदातून गाळले, तर जागे. कागद स्वच्छ धुऊन घेतला, तर पुन्हा निजलेले. तेव्हा ध्यानात आले की कागदातला थोडासा कॅल्शियम रसात उतरतो, तो रसातल्याच एका दुसऱ्या एन्झाइमला चेतवितो, आणि ते दुसरे एन्झाइम पहिल्याला फॉस्फेट लावून जागे करते. हे साल १९५५. फॉस्फेट लावले की जागे, काढले की निजले. शिदोरी म्हणून समजलेली वस्तू चक्क हुकूम निघाली! त्या दोघांना नोबेल मिळायला १९९२ साल उजाडले. मघाचे बर्नेट आणि केनेडी त्यात नव्हते.

आता हे दोन प्रवाह एकत्र कसे आले ते पाहू. सांधणीचे कारागीर ओळखण्याच्या कामी पहिली मदत झाली ती रोग्यांच्या रक्ताची. ल्युपस नावाच्या व्याधीत शरीर आपल्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. येल विद्यापीठात मायकेल लर्नर आणि जोन स्टाइट्झ यांनी अशा रोग्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे १९७९ च्या सुमारास गळासारखी वापरली आणि केंद्रकातले लहान लहान आरएनए प्रथिनांसकट वर काढले. तेच पुढे सांधणीच्या यंत्राचे भाग ठरले. अकरा वर्षांनी, १९९० साली, मार्क रॉथ आणि जोसेफ गॉल यांच्या गटाने उभयचर प्राण्यांच्या अंड्यातल्या केंद्रकावर दुसरा गळ टाकला. त्यांचे प्रतिपिंड फॉस्फेट लागलेला भागच पकडत असे. त्या गळाला जी प्रथिने लागली ती सगळी एका वळणाची होती. त्यांच्या एका टोकाला सेरीन आणि आर्जिनीन हे दोन मणी आलटून पालटून ओवलेले. म्हणून त्यांना एस-आर प्रथिने हे नाव पडले. चिलटाच्या पेशीतून काढा की माणसाच्या, त्यांचे आकारमानही जुळत होते. १९९२ पर्यंत हे घराणेच सांधणीच्या कारागिरांचे आहे, असे प्रयोगांनी ठरले.

म्हणजे कारागिरांच्या अंगावर फॉस्फेट आहे, एवढे कळले. ते लावतो कोण? १९९४ साली या प्रश्नाला दोन वेगवेगळ्या गावांहून उत्तर आले.

पहिले कॅलिफोर्नियातून, श्यांग-डाँग फू यांच्या प्रयोगशाळेतून. एस-आर प्रथिने एरवी केंद्रकात ठिपक्याठिपक्यांनी गोळा होऊन बसतात. पेशी दुभंगू लागली की मात्र हे ठिपके विखुरतात. गुई, लेन आणि फू यांनी दुभंगत्या पेशींचा रस घेऊन तो शांत पेशींच्या केंद्रकांवर घातला, तर तिथलेही ठिपके फुटले. त्या रसात शोधता शोधता जे एन्झाइम सापडले त्याचे नाव एसआरपीके. हे कायनेज एस-आर प्रथिनांच्या सेरीनना फॉस्फेट लावण्यात तरबेज आहे.

दुसरे उत्तर आले चिलटाच्या डोळ्यांतून. फळांवरच्या या चिलटांचे डोळे एरवी लाल असतात. त्यांच्यात एक जात जर्दाळूच्या रंगाच्या डोळ्यांची आहे. लेनर्ड रॅबिनो यांनी अशा एका जनुकाचा पाठपुरावा केला की ज्यात बिघाड झाला तर हे जर्दाळू डोळे गडद होतात. त्याचे नावच पडले जर्दाळू गडद करणारे, इंग्रजी आद्याक्षरांनी डोआ. १९९४ साली ते जनुक उलगडले तेव्हा ते एका कायनेजचे निघाले, आणि त्याचे नाते माणूस व उंदीर यांच्यातल्या सीएलके नावाच्या कायनेजशी होते. दोघांतही लागोपाठच्या सहा अमिनो आम्लांचा एक ठसा अक्षरशः सारखा होता: ल्युसीन, ॲलानीन, मेथिओनीन, पुन्हा मेथिओनीन, ग्लुटॅमिक आम्ल, आर्जिनीन. शास्त्रज्ञांच्या एकाक्षरी खुणांनी हे वाचले तर लॅमर असा शब्द होतो, म्हणून सगळ्या घराण्याला लॅमर असे आडनाव मिळाले. मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यातही हा ठसा तसाच सापडला. सीएलके हे एस-आर प्रथिनांना फॉस्फेट लावते, हे १९९६ मध्ये टोरँटोच्या टोनी पॉसन यांच्या गटाने दाखविले.

या दोन कायनेजांची वाटणी कशी आहे? रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला तुम्ही पाहिला असेल. बिल्ला असला तर फलाटावर प्रवेश. एस-आर प्रथिन केंद्रकाबाहेर तयार होते. तिथे एसआरपीके त्याला फॉस्फेटचा पहिला बिल्ला लावते, तो पाहून केंद्रकाचे दार उघडते, आणि कारागीर आत येऊन ठिपक्यात, म्हणजे आपल्या खोपटात, बसून राहतो. मग आतले सीएलके त्याला आणखी फॉस्फेट लावते, तेव्हा तो खोपटातून उठून नकलेपाशी कामाला जातो. अर्थात बिल्ला हा शब्द मी सोयीसाठी वापरला. खरे कारण विद्युतभाराचे आहे. आर्जिनीनवर धन भार आणि फॉस्फेटवर ऋण भार. एका सेरीनवर फॉस्फेट बसले की शेजारच्या मण्यांची ओढाताण बदलते, प्रथिनाचे ते टोक निराळे वळण घेते, आणि मग ते कुणाला धरील व कुणाला सोडील हेही बदलते.

एसआरपीके हे काम कसे करते, तेही पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातच जोसेफ ॲडम्स आणि गौरीशंकर घोष यांच्या गटांना २००३ नंतर असे आढळले की हे एन्झाइम प्रथिनाला एकदा धरले की चटकन सोडीत नाही. एका टोकापासून सुरुवात करून, जपमाळ ओढावी तसे मण्यामागून मणी ओढत, दहाबारा सेरीनना फॉस्फेट लावूनच मोकळे होते.

आणि बिल्ले जितके अधिक तितके बरे, असेही नाही. बिल्ले उतरविणारी एन्झाइमे बंद पाडली तर सांधणी अडते, हे अँगस लॅमाँड यांच्या गटाने १९९२ सालीच दाखविले होते. बिल्ले फार कमी असले तरी काम थांबते, फार झाले तरी थांबते. लावणे आणि काढणे असे दोन्ही चालू राहावे लागते.

आता जातीजातींतून फिरून येऊ. पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये सुमारे सहा हजार जनुके, आणि त्यांत शेकडा पाचांच्या आसपास जनुकांनाच सांधणीची गरज. अशा गरीब संसारात एस-आर कायनेज कशाला हवे? तरी १९९९ साली फू आणि क्रिस्टीन गथ्री यांच्या गटांना ते तिथेही सापडले. स्काय-१ असे त्याचे नाव, आणि सस्तन प्राण्यांच्या एस-आर प्रथिनांनाही ते बिनतक्रार फॉस्फेट लावते. यीस्टचा आणि आपला पूर्वज एक असल्याला शंभर कोटी वर्षे होऊन गेली असावीत, तरी याचा बिल्ला त्याच्या दारी चालतो!

वनस्पतींचे पाहा. आंबे आढीत घातले की एथिलीन नावाचा वायू सुटतो आणि आंबा पिकतो. तंबाखूत लॅमर घराण्यातले एक कायनेज आहे, ते एथिलीन लागताच चेततेे आणि एस-आर प्रथिनांना फॉस्फेट लावते, असे २००० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे वनस्पतीला मिळालेला वायूचा निरोप या मार्गाने सांधणीपर्यंत पोचू शकतो.

चिलटात तर नर-मादीचा प्रश्नच सांधणीवर ठरतो. एकाच जनुकाची नक्कल एका तऱ्हेने सांधली तर मादी, दुसऱ्या तऱ्हेने सांधली तर नर. १९९८ साली असे दिसले की मघाशी सांगितलेले डोआ कमी पडले, तर जी मादी व्हायची तिच्या शरीरात नराची लक्षणे उतरू लागतात. डोळ्यांच्या रंगावरून सुरू झालेली शोधाशोध इथवर आली.

याला जोडून आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट सांगतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. गावकरी ती घरटी राखतात आणि पिले समुद्राकडे धावताना पाहायला लांबून माणसे येतात. या कासवात नर की मादी हे अंड्यात आधी ठरलेले नसते. वाळू उबदार असली तर माद्या अधिक, थंड असली तर नर अधिक. दोन-तीन अंशांचा हा फरक अंड्याला कळतो कसा, हे कोडे होते. बर्लिनच्या फ्लोरियान हाइड यांच्या गटाने २०२० साली दाखविले की सीएलके कायनेजे तपमानाच्या बाबतीत विलक्षण हळवी असतात. थोडे थंड झाले की ती अधिक जोराने फॉस्फेट लावतात, थोडे तापले की मंदावतात. माणसाच्या शरीराचे तपमान दिवसरात्रीत अंशभर खालीवर होते, तेवढ्यानेही सांधणी बदलते. सरपटणाऱ्या प्राण्यांतली सीएलके तपासली, तेव्हा ती त्यांच्या त्यांच्या उबेच्या पट्ट्यात जागी-निजलेली होत होती. यावरून कासवांचे कोडे या कायनेजमुळे सुटेल असे त्यांनी सुचविले आहे. सुचविले आहे, सिद्ध झालेले नाही, हे शिक्षकमंडळींनी सांगताना विसरू नये.

आता परत त्या काचपट्टीवरच्या थेंबाकडे येऊ. हिवतापाचा सर्वांत घातक जंतू, प्लास्मोडियम फाल्सिपेरम, याची जनुकमाला २००२ साली वाचून झाली. त्याच्या निम्म्याहून अधिक जनुकांना सांधणी लागते. यीस्टसारखे त्याचे थोडक्यात भागत नाही. सांधणी अडली की जंतूचा संसार अडला. आणि त्याच्याकडेही सीएलके घराण्यातली कायनेजे आहेत. अडचण अशी की त्याच घराण्यातली कायनेजे आपल्याकडेही आहेत. शेतात तण आणि पीक एकाच कुळातले असले म्हणजे औषध फवारणाऱ्याची जी पंचाईत होते, तीच इथे. जुळणारे सहा मणी बघून मघाशी आपल्याला कौतुक वाटले, पण औषध शोधणाराला ते साम्यच नडते. त्याला हवा असतो फरक. कोट्यवधी वर्षांच्या वाटचालीत एन्झाइमच्या खाचाखोबणींत जो थोडासा वेगळेपणा आला असेल, तेवढीच त्याची आशा.

ग्लासगो विद्यापीठातले अँड्र्यू टोबिन आणि त्यांचे सहकारी यांनी जवळजवळ पंचवीस हजार रासायनिक पदार्थ जंतूच्या कायनेजवर तपासून पाहिले. त्यांतून निवडलेल्या एका पदार्थाने पीएफसीएलके-३ हे कायनेज अडविले. त्याचा परिणाम जंतूच्या नकला बिघडण्यात झाला आणि जंतू मेले. २०१९ साली हे काम प्रसिद्ध झाले. हा पदार्थ रक्तातल्या जंतूवर चालला, यकृतात दडणाऱ्या अवस्थेवर चालला, आणि डासाच्या पोटात जाऊन साथ पसरविणाऱ्या अवस्थेवरही चालला. उंदरांना होणाऱ्या हिवतापावरही त्याचा गुण दिसला. जुन्या गोळ्यांचे दुखणे ज्याला ठाऊक आहे त्याला यातले महत्त्व कळेल. क्लोरोक्विनला न जुमानणारे जंतू आपल्या देशात १९७३ सालीच आसामात दिसले होते. आमच्या भिंतीवर तारखा पडत होत्या तेव्हा ही कीड देशात शिरलेली होती. पुढे आर्टेमिसिनिन हे चिनी औषध आले आणि त्याने लाखो जीव वाचविले, पण कंबोडियाच्या पश्चिम भागात त्यालाही दाद न देणारे जंतू २००८ नंतर सापडू लागले. म्हणून नव्या ठिकाणी घाव घालणारे औषध हवे होते.

ग्लासगोचा हा पदार्थ म्हणजे दवाखान्यात मिळणारी गोळी नव्हे. ते प्रयोगशाळेतले काम होते. पण त्यातला एक प्रयोग सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आपला पदार्थ नेमका याच कायनेजवर बसतो आहे, याची खात्री कशी करावी? त्यांनी जंतूच्या पीएफसीएलके-३ मधला एकच अमिनो आम्लाचा मणी बदलला आणि असा जंतू वाढविला. त्यावर पदार्थाचा जोर ओसरला. म्हणजे घाव तिथेच पडत होता, हे सिद्ध झाले. माझे सहकारी हे सांगताना खुशीत होते. मी त्यांना विचारले, हा एक मणी तुम्ही प्रयोगशाळेत बदललात, तोच जंतूने आपण होऊन बदलला तर? ते म्हणाले, बदलेल ना, आज ना उद्या. आणि चहाचा कप ठेवून तासाला निघून गेले.